धूर पिणारे ब्लॉक

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी काम करते. आम्ही अंगणात बसवायचे पेव्हर ब्लॉक बनवतो. त्यात सिमेंट कमी असतं, बाकी स्लॅगची, म्हणजे पोलाद बनवताना उरणाऱ्या मळीची, भुकटी. ओले ब्लॉक बंद खोलीत ठेवून आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो ब्लॉकमध्ये मुरतो, त्याची चुनखडी होते आणि ती तिथेच राहते. मला या कामाचा खरंच अभिमान आहे.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचं अंगण नव्याने करायचं ठरलं तेव्हा मी हेच ब्लॉक सुचवले. सभेत स्लॅगबिग ऐकून लोक जांभया द्यायला लागले, म्हणून मी म्हणाले, "थोडक्यात, हे ब्लॉक धूर पितात." टाळ्या पडल्या, ठराव पास झाला. पुढे सेक्रेटरींनी गेटवर पाटी लावली, 'आमचं अंगण हवा शुद्ध करतं.' हे खोटं आहे, हे वाचताक्षणीच कळलं मला. तरी पाटीशेजारी उभी राहून मी फोटो काढून घेतला.

तळमजल्यावर एक काकू राहतात, मालवणकडच्या. काका गेल्यापासून एकट्याच. त्यांना दमा आहे. अंगण झाल्यावर त्या रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बाहेर बसायला लागल्या. गेटबाहेर रस्ता खोदलेला, धुरळा नुसता. मी कामावरून आले की हात हलवायच्या. मीही हलवायचे.

एक दिवस त्यांना खोकल्याची उबळ आली, थांबेचना. मी धावले.

"काकू, पंप कुठाय तुमचा?"

"सोडलंय तो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुझे ब्लॉक धूर ओढतात ना गो? म्हणून तर हयसर बसतंय."

माझे कान तापले. "काकू, तसं नाही ते. तो वायू कारखान्यातच मुरवतात. इथला धूर, धूळ काही ओढत नाहीत हे."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "म्हणजे मी इतके दिवस रस्त्याची धूळ खात बसले?"

"हो."

"आणि तू रोज समोरून जात होतीस."

त्यांच्या घरातून पंप आणून दिला, रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, पंप का बंद केला? काकू म्हणाल्या, "विसरले." माझं नाव घेतलं नाही त्यांनी. घेतलं असतं तर बरं झालं असतं. वाफ घेताना त्यांच्या बरगड्या वरखाली होत होत्या आणि मी त्यांची पिशवी धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना पाटी काढायला सांगितली. "राहू दे गं, फ्लॅट बघायला येणाऱ्यांवर छाप पडते," ते म्हणाले. मग सोसायटीच्या ग्रुपवर मी सगळं लिहिलं, काकूंचा उल्लेख टाळून. कुणीतरी विचारलं, "हे आत्ता सांगतेस?" संध्याकाळपर्यंत पाटी निघाली.

काकू आता ठीक आहेत. खिडकी लावून आत बसतात. भेटलो की जेवलीस का, म्हणून विचारतात. पण पूर्वी औषधाचं पाकीट, फोनवरचा मेसेज, काहीही समजलं नाही की मला हाक मारायच्या. आता त्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या जावयांना बोलावतात.