बाबांच्या बोटीतलं फ्लोअरिंग

आमच्या बोटीच्या केबिनात एक हिरवं कार्पेट होतं. कुणाच्या तरी हळदीच्या मांडवातून उरलेलं ते बाबांनी आणून अंथरलं तेव्हा मी शाळेत होते. आता माझी मुलगी शाळेत आहे. इतक्या वर्षांत त्यावर डिझेल, चहा, कालवण आणि बोंबलांचं पाणी सांडलं होतं, आणि झिजून झिजून ते कागदाएवढं पातळ झालं होतं. वास असा की मांजरं केबिनाच्या दारापर्यंत यायची, पण आत यायची हिंमत करायची नाहीत.

मी बोरिवलीला राहते. घरी लाकडासारखं दिसणारं फ्लोअरिंग घातल्यापासून मला दुसऱ्या कुणाची जमीन आहे तशी बघवत नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि माहेरी, वेसाव्याच्या किनाऱ्यावर, बोटी ओढून ठेवलेल्या असतात. म्हटलं, यंदा हे कार्पेट जाणार.

घरात तेव्हा खरा विषय मात्र बाबांच्या कानांचा होता.

"तीन हाका मारल्या तरी वळत नाय," आई म्हणायची. "दर्यात मशीन कोन ऐकनार? नारळी पुनवेपासून सुकाणू पोराच्या हातात दे."

पोर म्हणजे माझा चाळिशीचा भाऊ. बोटीचं मशीन, म्हणजे इंजिन, तोच बघतो.

"मशीनचं मना बरोबर समजतं," बाबा म्हणायचे.

मग आई परीक्षा घ्यायची. त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळूच काहीबाही पुटपुटायची. 'चहा' हा एकच शब्द त्यांना नेमका ऐकू यायचा, त्यामुळे निकाल लांबत गेला. मी बाबांच्या बाजूने होते. बोट सोडून दिवसभर टीव्हीसमोर बसलेले बाबा मला कल्पनेतही सहन होत नव्हते.

दोन दिवस रजा टाकून मी कार्पेट उपटलं. खाली खवले निघाले, शर्टाची बटणं निघाली, एक वाळलेली कोळंबी निघाली, आणि ज्याच्यावरून आईने शेजारणीशी कायमचा अबोला धरला होता तो स्टीलचा चमचा निघाला. आईने तो धुऊन मांडणीत ठेवला. शेजारणीला अजून काही सांगितलेलं नाही.

अंधेरीचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, खाली फोम टाका. म्हाताऱ्या माणसाचे पाय दुखणार नाहीत." मी सगळ्यात जाड फोम घेतला. केबिनात देवीचा फोटो आहे, आत कुणी चप्पल घालत नाही. म्हटलं, बाबांच्या अनवाणी पायांना जरा सुख.

केबिनाच्या मधोमध एक फळी आहे. ती उचलली की खाली मशीनपाशी उतरता येतं. भाऊ खाली ग्रीस लावायला गेला, मी माप घ्यायला फळी परत बसवली, आणि मग कामाच्या तंद्रीत तिच्यावरून सलग फ्लोअरिंग चिकटवत गेले. आजूबाजूच्या बोटींवर सुतारांची ठोकाठोक चालली होती. बाबा कोपऱ्यातल्या उघड्या लाकडावर उभे राहून चहा पीत होते.

"खाली कोनतरी ठोकतंय," ते म्हणाले.

"शेजारच्या बोटीवर ठोकतायत, बाबा."

"नाय गो. आपल्या खाली."

फळी उचकटली तर खालून भाऊ निघाला, ग्रीस आणि घामाने निथळत. त्याचं पहिलं वाक्य लिहिण्यासारखं नाही.

मला मात्र केवढा आनंद झाला. मी तशीच घरी पळाले. "आई, मला नाही आलं ते बाबांना ऐकू आलं!" आई गप्प बसली, जे आमच्याकडे वर्षातून एखाद्या वेळी होतं. बाबांनी खुलासा केला नाही. चहा संपवला फक्त. सुकाणू त्यांच्याकडेच राहिलं.

नारळी पुनवेला बोट पाण्यात होती, पताका लागल्या होत्या, सगळं कुटुंब नवी लुगडी-कपडे घालून वर चढलं होतं. केबिन बघून एक आत्या म्हणाली, "हॉटेल केलंस गो." मी फुगले. बाबा सुकाणूशी उभे राहिले.

"चालू कर रे मशीन," त्यांनी भावाला सांगितलं.

"चालू हाय, बाबा."

"चालू कर."

"बाबा, कवाचं चालू हाय."

सगळे हसले. मीही हसले. मग बाबांकडे लक्ष गेलं. ते एक पाय उचलून पुन्हा टेकवत होते, मग दुसरा, नवख्या घरात अंधारात पायरी शोधावी तसे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भावाची ठोकाठोक त्यांनी ऐकली नव्हती, तळव्यांनी ओळखली होती. मशीनही ते असंच ओळखत होते, किती वर्षं कोण जाणे. आणि मी दुकानातला सगळ्यात जाड फोम आणून त्यांचे उरलेसुरले कान बुजवले होते.

जाळं कापायची सुरी तिथेच होती. मी नव्या साडीत खाली बसले आणि त्यांच्या पायाखालचा चौकोन फोमसकट कापून काढला. बाबांनी लाकडावर पाय ठेवले. चेहरा निवळला. "आता बोलतंय," ते म्हणाले. आई हे सगळं बघत होती.

बोट निघाली. थोड्या वेळाने मागून दुसऱ्या बोटीने जोरात भोंगा दिला. आम्ही सगळे वळलो. बाबा वळले नाहीत. आम्हाला वळलेलं बघून त्यांनी मागे पाहिलं, ती बोट अगदी जवळून पुढे जाईपर्यंत बघत राहिले, आणि मग मशीन मंद केलं.

"ये," ते भावाला म्हणाले. "हिथं उभा रा."

भाऊ त्या चौकोनात उभा राहिला.

"काय सांगतंय मशीन?"

"मला कानानंच कळतंय, बाबा."

"कान हायत तवर पायांना शिकव."

सुकाणू त्याच्या हातात देऊन बाबा शेजारी सरकले, माझ्या मऊ, महागड्या फ्लोअरिंगवर. आईने डोळ्यांना पदर लावला. मला तर समोरचं नीट दिसतही नव्हतं. तशीच पुन्हा खाली बसले आणि बाबांच्या पायांपुरता दुसरा चौकोन कापायला घेतला.