सिंधूबाईंच्या घागरीतलं पाणी

अन्याय सिंधूबाईंवर झाला. यंदाच्या आखाजीला, सकाळी सातच्या सुमारास, नाशिक जिल्ह्यात देवळ्याजवळच्या एका गावात, फाट्यावरच्या कडुनिंबाखाली. अन्याय करणारी मी. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे मी स्वतःची बाजू मांडत बसेन — ती सवय मला चांगलीच आहे.

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तुमचे इथले अनुभव आम्ही आमच्या ग्रुपमध्ये मोठ्याने वाचायचो... टिंगल करायला. आम्ही म्हणजे नाशकातली काही मुलं-मुली. पत्रकं छापतो, कॉलेजांच्या गेटवर वाटतो, गावोगाव कार्यक्रम करतो. उताऱ्यातल्या लिंबाचं सरबत करून पितो, चौकात ओवाळून टाकलेला नारळ फोडून खातो आणि कॅमेऱ्याकडे बघून विचारतो, "बघा, काय झालं आम्हाला?" भूत, आत्मा, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहितेय, कारण लिहिल्याशिवाय माझ्या हातून झालेलं भरून येण्याची शक्यताच नाही.

मी गंगापूर रोडला राहते आणि रोज सकाळी धावते. हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन करायची आहे. आईने एप्रिलच्या सुट्टीत मामांकडे जायचं ठरवलं तेव्हा मी एकच अट घातली — बूट बॅगेत येणार आणि धावणं एकही दिवस चुकणार नाही. ॲपवर सलग दिवसांची साखळी दिसते ना, ती तुटू द्यायची नव्हती. खरं सांगायचं तर तब्येतीपेक्षा ती साखळीच मला जास्त प्यारी झाली होती.

पहिल्याच सकाळी घामाघूम होऊन परतले तर मामा ओट्यावर चहा पीत बसलेले. "कोण मागं लागलंय गं तेजू? सांग, काठी घेऊन येतो." शेजारचे आबा म्हणाले, एवढा जोर आहे तर आमच्या कांद्याच्या पाट्या साठवणीच्या चाळीत टाक, व्यायामही होईल आणि आमचं कामही. सगळे हसले, मीही हसले.

मामी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "धावायचं तर देवळ्याच्या रस्त्याला धाव बाई. फाट्याकडे नको."

का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "नको म्हटलं ना."

झालं. मला तेवढंच पुरलं. रस्ता मुलींचाही आहे, हे आमच्या एका पत्रकाचं शीर्षक. ते अख्खं पत्रक मी मामींना स्वयंपाकघरात उभं राहून ऐकवलं. त्या भाकरी थापत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम फाट्याकडेच जाऊ लागले.

तो रस्ता असा आहे. मामांच्या मळ्यातून निघालं की आधी कांद्याच्या चाळी लागतात, मग पाटाची कोरडी चारी, मग एक लांबट चढ. चढ संपला की फाटा. एक वाट वस्तीकडे जाते, दुसरी डांबरी रस्त्याला मिळते, आणि मधोमध तो कडुनिंब. आसपास सावली म्हणाल तर तेवढीच. परतताना मी तिथे थांबून दम घ्यायचे. पाण्याची बाटली नेत नसे. हातात काही धरून धावायला मला जमत नाही.

शहरात आमच्याकडे अक्षय तृतीया म्हणजे आमरस आणि सोन्याच्या जाहिराती. मामांकडे मात्र आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर खरबूज. गेलेलं माणूस त्या दिवशी येऊन ते पाणी पितं, अशी समजूत. मामी आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, उद्याचा दिवस थांब, घागर भरायला मदत कर. मी थांबले नाही. साखळी होती ना.

आखाजीची सकाळ भयंकर तापलेली निघाली. फाट्यावर परत पोचले तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी, शेणाने सारवलेल्या जागेवर, नवी कोरी घागर. वर मडकं, मडक्यावर खरबूज, बाजूला पळसाच्या पानावर दोन सांजोऱ्या. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

घागर घरात भरतात, हे मला माहीत होतं. मग ही फाट्यावर का? माझ्या डोक्याने लगेच निकाल दिला — कुणा भगताने सांगितलेला तोडगा. दुसरं काही असू शकतं, विचारावं कुणालातरी, असं मनातसुद्धा आलं नाही. मला तहान लागली होती आणि मला व्हिडिओ मिळाला होता!

फोन दगडाला टेकवून उभा केला. खरबूज उतरवलं, मडकं खाली ठेवलं, घागर कलती करून ओंजळीने पोटभर प्यायले. मग उभी राहून बोलायला लागले. इथे जिवंत बायका टँकरमागे हंडे घेऊन पळतात आणि तुम्ही पाणी कुणासाठी भरून ठेवता? मेलेल्यांना तहान लागत नाही. वगैरे. न अडखळता बोलले, मला ते येतंच. शेवटी उरलेलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, रिकामी घागर उपडी ठेवली आणि तिथूनच व्हिडिओ आमच्या पेजवर टाकला. परत ऐकूनही पाहिला नाही.

दुपारी पंगत बसली होती. पुरणपोळी, आमरस, कुरडया. मामांच्या फोनवर गावाच्या ग्रुपमध्ये माझ्या व्हिडिओची लिंक आली. त्यांनी डाव्या हाताने फोन धरून पाहिला. मग ताट बाजूला सारलं आणि उठून हात धुतले. सणाच्या दिवशी मामा भरल्या ताटावरून उठले... आईचा चेहरा मी अजून विसरले नाही.

मग मामींनी सांगितलं.

सिंधूबाई वस्तीवर राहतात. त्यांची मुलगी मोनाली पोलीस भरतीची तयारी करायची. सकाळभर कांदे काढायचे आणि काम उरकलं की धावायला निघायचं. त्यामुळे तिचं धावणं उन्हातच व्हायचं. गेल्या उन्हाळ्यात ती त्या चढावरून आली आणि कडुनिंबाखाली कोसळली. वस्तीवरून कुणी पाणी घेऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्यामागची ही पहिली आखाजी. भाऊबंद म्हणत होते, घागर घरातच भरायची असते. सिंधूबाईंनी ऐकलं नाही. पोर जिथे पाणी मागत गेली तिथेच भरणार, म्हणाल्या.

"मग मला आधी सांगायचं ना," मी म्हटलं. बघा, तेव्हाही मी दुसऱ्याचीच चूक शोधत होते.

मामी म्हणाल्या, "तू धावतेस म्हणून नाय सांगितलं. तुझ्या पायात भीती नको बसायला." मग म्हणाल्या, "आणि सांगितलं असतं तर त्याचंही पत्रक वाटलं असतंस."

ऊन उतरल्यावर मामी मला वस्तीवर घेऊन गेल्या. शिव्या खायची तयारी करूनच गेले होते. सिंधूबाई दारात बसल्या होत्या, पुतण्याचा फोन कानाला लावून. कुणाशी बोलत नव्हत्या. माझा व्हिडिओ ऐकत होत्या. संपला की पुतण्याला सांगायच्या, परत लाव.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानेच गप्प केलं आणि फोन माझ्या कानाशी धरला. "बोलू नको. ऐक."

माझाच आवाज. टँकर, हंडे, जिवंत बायका. मग "मेलेल्यांना तहान लागत नाही" हे वाक्य. आणि माझं पुढचं बोलणं चालू असतानाच, त्याच्या खालून, कुणीतरी पाणी पितंय. घटाघट, मोठे घोट, फार वेळ तहानलेलं माणूस पितं तसे. फोनच्या अगदी जवळ. फोन हातात घेऊन समोर धरला तर चित्रात मी उभी आहे, तोंडाने बोलतेय, हात मोकळे आहेत. घोट थांबतात. आणि एक उचकी.

"पाणी प्याली की तिला उचकी लागायची," सिंधूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून. मग म्हणायची, आई, माझी आठवण कोण काढतंय गं, मी तर इथंच आहे." त्यांनी फोन परत घेतला. "ती मन्ही पोर शे." माझी पोर आहे ती.

त्यांचा आवाज अगदी साधा होता. रडत नव्हत्या. पहिल्यांदा ऐकला तेव्हा राग आला होता, म्हणाल्या, तुझे पाय मोडावेत असंही बोलले. मग दुसऱ्यांदा ऐकला. आता राग नाही. पुतण्या उद्या दुपारी कामावर सिन्नरला जाणार होता, फोन त्याच्याबरोबर जाणार. त्यांचा स्वतःचा फोन साधा. पुतण्या रात्रीच एक मेमरी कार्ड आणून देणार होता, त्यात एवढा आवाज टाकून दे, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, सकाळी धावायला येईन तेव्हा फाट्यावर या, टाकून देते. मी शब्द दिला. मामी साक्षीला उभ्या होत्या.

परत येताना वाटेतच आमच्या नाशिकच्या ग्रुपमधल्या दादाचा फोन. व्हिडिओखाली लोक लिहायला लागले होते — हेडफोन लावून ऐका, मागे कोण पाणी पितंय? दादा चिडला होता. इतक्या वर्षांच्या कामावर पाणी पडेल, म्हणाला, उद्या हाच व्हिडिओ भुताचा पुरावा म्हणून फिरेल. काढून टाक. फोनमधूनही काढ, कुठेच राहता कामा नये. मी त्याला सिंधूबाईंबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित तो थांबला असता. मी मामांच्या ओट्यावर बसले आणि पेजवरून, गॅलरीतून, कचऱ्याच्या फोल्डरमधून, सगळीकडून तो व्हिडिओ पुसला.

दादाचं नाव पुढे करणं सोपं आहे. पण मी तो चळवळीसाठी पुसला नाही. तो माझ्या फोनमध्ये असताना मला एकटीने अंथरुणावर पडायची भीती वाटत होती. मला! लिंबू-सरबत पिणारीला.

दुसऱ्या सकाळी धावायला गेले. का गेले, विचारू नका. चढ संपत आला तेव्हा कडुनिंबाखाली सिंधूबाई दिसल्या. नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी, ते कार्डच असणार. त्यांनी मला पाहून हात वर केला. मी तिथूनच वळले आणि उलटी धावत सुटले. इतक्या वेगात मी आजवर कुठल्याही सरावात धावलेले नाही. मागून त्यांनी एकदा हाक मारली, "पोरी..." एवढंच. त्याच दिवशी, पोट दुखतंय म्हणून सांगून, दुपारच्या एसटीने नाशिकला आले. ॲपने त्या धावण्याबद्दल माझं अभिनंदन केलं. ते ॲप मी काढून टाकलंय.

नंतर गेले परत, लाज गिळून. आधी एकटीच फाट्यावर उभी राहिले. तीच वेळ, तोच फोन, तोच दगड, मामींकडून आणलेली घागर. तेच शब्द बोलले. पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलं. ओतलेलं पाणी मुळांत जिरताना असा आवाज येतो का तेही पाहिलं, पण व्हिडिओत तर तो आवाज मी पाणी ओतायच्या आधी आहे. रेकॉर्डिंगमध्ये काही आलं नाही. वारा, एका होल्याचं घुमणं, आणि माझी बडबड. ग्रुपमधल्या आवाजाचं काम करणाऱ्या मित्राला विचारलं, तो म्हणाला मूळ फाइल दे, मग बोलू. मूळ फाइल मीच पुसली आहे. मग तो आवाज काय होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता ते शोधायचा रस्ताही मीच बंद करून टाकलाय.

मग वस्तीवर गेले आणि सिंधूबाईंना खरं सांगितलं. पुसला म्हणून. घाबरले म्हणून. फाट्यावरून पळाले ते दिसलंच होतं त्यांना. त्या बराच वेळ लसूण सोलत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तेवढ्या लोकांनी बघितलं म्हणतेस, कुणीच ठेवला नसंल का?"

हाच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतेय. तो व्हिडिओ आखाजीच्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या पेजवर होता. तुमच्यापैकी कुणीतरी तो पाहिला आहे. असल्या गोष्टी डाउनलोड करून ठेवणारे, स्क्रीन रेकॉर्ड करणारे लोक या सदराच्या वाचकांतच सापडतात, म्हणून तर इथे आलेय. ज्या जागेची मी टिंगल केली तिथे हात पसरून उभी आहे. मला काय म्हणायचं ते म्हणा. तो आवाज माझ्या पोटातला होता, पाटातला होता की आणखी कुणाचा, यावर भांडायचं तर खुशाल भांडा, पण नंतर. आणि ज्याच्याकडे असेल त्याने त्याला भीतीदायक संगीत लावून, लाल गोल काढून कुठे टाकू नये. एका आईचं ते एवढंच उरलंय.

फोन हातात आहेच तुमच्या. गॅलरी उघडा, आखाजीच्या दिवसापर्यंत मागे जा, कडुनिंबाखाली उभी राहून बडबडणारी एक मुलगी दिसते का पाहा. दिसली तर या लेखाखाली लिहा. आज लिहा.