तुरीच्या डाळीतली पथरी

आमच्या घरात पथरी कुणालाच नव्हती, पण दाखवायला होती. औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत, कापसाच्या गादीवर, तीन खडे. पाहुणे आले की चहाच्या आधी बाटली फिरायची.

दहा-बारा वर्षांपूर्वी हे सुरू झालं. मी तेव्हा साठीच्या आतबाहेर, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन-तीन दिवस लघवीची नळी घातली होती. नळी निघाली, घरी आलो, मिरचीचा हंगाम गेला आणि ह्यांना बाथरूममध्ये वेळ लागायला लागला. आधी पाच मिनिटं, मग पंधरा. मी दाराबाहेरून विचारायची, "झोप लागली का?" धार दोऱ्यासारखी झाली होती, पण सांगतील तर ते हे कसले. शेवटी नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, लघवीची वाट आतून आवळली आहे. जखम भरताना वण धरतो, तसा आत धरलाय. दुर्बीण घालून त्यांनी तो वण कापला, वाट मोकळी झाली, आम्ही घरी.

घरी आल्यावर माझी अडचण सुरू झाली. आमच्या गावात माणूस दवाखान्यातून आला की निम्मं गाव भेटायला येतं. वाट आवळली म्हणावं, तर कुठली वाट तेही सांगावं लागणार. सुनेसमोर, जावयासमोर, व्याह्यांसमोर. मी पडले अब्रूदार बाई. पहिल्याच पाहुण्याला म्हणाले, "पथरी होती." पथरी हा आमच्याकडे मानाचा आजार. मास्तरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना होऊन गेलेला. कुणी लाजत नाही, उलट किती मिलिमीटरची ते सांगतात.

पण या आजाराची एक रीत आहे, ती मी विसरले. निघालेली पथरी जपून ठेवायची असते आणि दाखवायची असते. तिसऱ्या दिवशी अक्का आली. अक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण, अक्कलकुव्याला दिलेली. बसायच्या आधी तिने हात पुढे केला.

"दखाड."

"काय?"

"पथरी. निंघनी ना? दखाड मंग."

मी स्वयंपाकघरात गेले. सुपात तुरीची डाळ अर्धी निवडलेली पडली होती. त्यातला एक काळा, टोकदार खडा उचलला, धुतला, एवढी स्वच्छता पाळली, आणि बाटलीत घालून बाहेर आणला. अक्काने बाटली उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"मन्हा जेठनी यानापेक्षा मोठी व्हती," ती म्हणाली. जेठ म्हणजे तिचा थोरला दीर.

खोटं कशाला बोलू, मला अपमान वाटला.

मग उपाय यायला लागले. कुणी पानफुटीची पानं आणली, कुणी नारळ. बाजारातल्या किराणावाल्या शेठने कुळीथ पाठवले. सगळ्यांचा सल्ला एकच, पाणी प्या, खूप प्या. हे बिचारे प्यायचे. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

दीड वर्षाने वाट परत आवळली, तेव्हा ह्यांच्या पोटात तांब्याभर कुळथाचं पाणी होतं आणि बाहेर यायला रस्ता नव्हता. भर दुपारी हे खाटेच्या कडेवर बसलेले, घामाने सदरा भिजलेला, ओटीपोट टरबुजासारखं टणक. आणि मी, शहाणी, त्यांना आणखी एक पेला देत होते, कारण समोर अक्का बसली होती. ह्यांनी पेला घेतला नाही. माझ्याकडे फक्त पाहिलं. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. मुलाला कळलं, त्याने गाडी काढली.

पुन्हा दुर्बीण, पुन्हा कापणं. बाटलीत दुसरा खडा. या वेळी मी जेठांचा विचार करून जरा मोठा निवडला. पुढे तिसऱ्यांदा आवळलं, तेव्हा सळ्या घालून वाट रुंद केली, आणि तिसरा खडा आला. तोवर मला हात बसला होता.

गेल्या वर्षी चौथ्यांदा तेच. मुलगा म्हणाला, आता सुरतेला दाखवू. अक्का गाडीत पुढच्या सीटवर बसूनच आली. तिथे ह्यांना एका नरसाळ्यात लघवी करायला लावली. खाली यंत्र असतं, ते धारेचा आलेख काढतं. चांगल्या माणसाचा सातपुड्यासारखा उंच निघतो म्हणे. ह्यांचा निघाला तापीकाठचा सपाट मळा. मग आत औषध सोडून एक्स-रे काढला. एकाच जागी आवळलं होतं, बोटाच्या पेराएवढं.

डॉक्टर नातवाच्या वयाचा. त्याने विचारलं, "आधी काय काय केलंय?"

मी तोंड उघडायच्या आत अक्काने पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून बाटली. आमच्या फडताळातून कधी उचलली कोण जाणे.

"तीन पथऱ्या निंघन्यात मन्हा भाऊले," ती म्हणाली. अभिमानाने.

डॉक्टरने खडे तळहातावर ओतले. बराच वेळ बघितले. मग म्हणाला, पथरी या वाटेने येत असेल तर प्रकरण वेगळं, आधी मूत्रपिंडं बघावी लागतील, हे खडे तपासायला पाठवू, तोवर पुढचं थांबवू.

ह्यांना दोन दिवस धड लघवी झालेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेवरून पाहिलं होतं तसंच. साठीची असते तर मी गप्प बसले असते आणि तुरीच्या डाळीचा रिपोर्ट यायची वाटही पाहिली असती. पण एकदा तो पेला देऊन झालेला होता.

"ते तपासू नका," मी म्हणाले. "डाळीतले खडे आहेत."

मग अक्का म्हणाली, "कोनती दाय?"

"तुरीची."

"म्हंजे इतला वरीस मी दायना खडा वाखानी ऱ्हायनू?"

डॉक्टर एक्स-रेकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. वळला तेव्हा चेहरा सरळ होता. मी सगळं सांगितलं, दोनदा कापलं, एकदा रुंद केलं, तिन्ही वेळा परत आवळलं. तो म्हणाला, मासी, हेच तर हवं होतं. इतक्यांदा परत आलेलं पुन्हा नुसतं कापून टिकत नाही. सर्वांत टिकाऊ म्हणजे मोठं ऑपरेशन, गालाच्या आतली कातडी घेऊन वाट नवी करायची. हे ऐकून ह्यांनी गालावर हात ठेवला. नाहीतर, तो म्हणाला, आवळलेला भाग लहान आहे, तर फुगा घालून बघू. तो आत फुगवून वाट उघडतात, आणि त्यावर औषध लावलेलं असतं, वण परत धरू नये म्हणून. चिरा नाही, टाके नाहीत. पण हमीही नाही. परत आवळलं तर मग गाल.

"फुगा," हे म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा तेवढाच शब्द.

मग डॉक्टर अडखळायला लागला. ते औषध काही दिवस अंगात राहतं, म्हणून महिनाभर... म्हणजे नवरा-बायकोने... मी म्हटलं, सांगून टाका, आज लपवायचं काही उरलेलं नाही. त्याने सांगितलं. अक्का खिडकीबाहेर बघायला लागली. सत्तरीत आमच्यावर हे बंधन घालायची गरज वाटणारा तो पहिलाच माणूस. मी गंभीरपणे म्हणाले, "जपू."

फुगा घातला, थोडे दिवस नळी राहिली, मग निघाली. घरी आल्यावर हे बाथरूममध्ये गेले आणि मी सवयीने दाराबाहेर उभी राहिले. शेजारी अक्काही येऊन उभी राहिली. आतून बादलीवर आवाज आला, भरघोस.

"नळ सोडा का त्यानी?" अक्काने विचारलं.

"नाही."

ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "जेठनी पथरीबी असीच काळी शे. टोकबी तसंच."

आठ दिवसांनी तिचा फोन आला. राम राम नाही, तब्येत नाही. "सुरतना डाक्टर कोनता वार बसस?"

कुणासाठी ते मी विचारलं नाही. वार सांगितला, आणि म्हणाले, अक्का, जाताना बाटली घरीच ठेवा.