अडणारं अक्षर

माझं नाव ज्या अक्षरानं सुरू होतं, नेमकी त्याच अक्षरावर मी अडते. अगदी लहानपणापासून.

बी.एड. पास झाले तेव्हा भाऊ म्हणाला, "पोरांना शिकवणार कशी? स्वतःचं नाव धड सांगता येत नाय तुला." तो टोमणा नव्हता. त्याला खरंच काळजी होती, म्हणून जास्त लागलं.

मी गाव सोडून शहरात आले, मुकुंदवाडीत स्टेशनजवळ खोली घेतली. दिवसा एका दुकानात टायपिंग करायचे. तिथं बोलावं लागत नसे. संध्याकाळी दार लावून मोठ्यानं धडे शिकवायचे, रिकाम्या खोलीला. एकटी असले की मी एकदाही अडखळत नसे. सगळे शब्द सरळ, स्वच्छ यायचे. ऐकायला मात्र कुणी नसायचं. एकदा घरमालकीणबाईंनी दार वाजवलं. "कोण आलंय गं?"

"क... क... कुणी नाही," मी म्हणाले.

उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत मुलाखतीला गेले. नाव विचारलं. ओठ जुळले ते सुटेचनात. शेवटी समोरच्या बाईंनीच अर्जात बघून माझं नाव उच्चारलं आणि मायेनं म्हणाल्या, "राहू द्या, त्रास नका करून घेऊ." त्या मायेनंच मी खचले. क्रांती चौकापर्यंत पायी आले, रिक्षावाल्याला पत्ता सांगायचीही हिंमत उरली नव्हती. त्या आठवड्यात मी खोलीतही बोलले नाही.

मग वाटलं, खोलीत न अडखळता बोलणारी ती बाईसुद्धा मीच आहे की. ती काही खोटी नाही.

पुढच्या शाळेत बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "सर, मी अ... अडखळते. शब्द यायला वेळ लागतो. पण येतो."

मुख्याध्यापकांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. म्हणाले, "सातवीवर जा. शिकवून दाखवा."

धडा पाण्याचा होता. 'बाष्पीभवन'वर गाडी अडली. मागून कुणीतरी खुदकन हसलं. कान तापले, पण दुसरा सोपा शब्द मी घेतला नाही. खडू हातात धरून थांबले. वर्गही हळूहळू शांत झाला. आणि शब्द आला, अख्खा.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग रडल्यावर गालावरचं पाणी पण असंच जातं का?"

"हो," मी म्हणाले. हे मात्र पटकन आलं.

नोकरी मिळाली. गावी फोन केला.

"अडखळलीस का?" वडलांनी विचारलं.

"लई."

"तरी घेतलं?"

"व्हय."

मग ते म्हणाले, "जेवून घे."

वर्गात मी आता बिनधास्त अडते, मुलं थांबतात. स्टाफरूममध्ये मात्र लोक घाईत असतात, माझी वाक्यं तेच पुरी करतात, बहुतेकदा चुकीची. मग मी डबा घेऊन खिडकीशी बसते आणि पुढच्या तासाची घंटा वाजायची वाट बघते.