सियापोमागची भिंत

घर सरकारी, भिंती ओलसर आणि खोल्या दोनच. त्यात फुआतिनो, तिची मुलगी मासिना, जावई आणि नातवंडांचं लटांबर. सामोआ बेट सोडून न्यूझीलंडला, ऑकलंडच्या मांगेरे उपनगरात येऊन फुआतिनोचा निम्मा जन्म सरला होता. धाकटा नातू तावीता भिंतीला लागून झोपायचा आणि हिवाळाभर खोकायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, पोराला या ओलीतून बाहेर काढा. म्हणून मोठ्या सरकारी घरासाठी अर्ज केला आणि घरखात्याच्या बाई पाहणीला येणार असं कळलं.

पाहुणी येणार म्हटल्यावर फुआतिनोच्या अंगात वारंच संचारलं. गाद्या शेजारच्या गॅरेजात गेल्या, पोरं चर्चच्या हॉलमध्ये. ठेवणीतल्या चटया अंथरल्या. बुरशीने काळ्या पडलेल्या भिंतीवर तिने आईचा सियापो टांगला, झाडाच्या सालीचं ते नक्षीदार कापड.

"आई, तुला घर हवंय की शाबासकी?" मासिना करवादली.

"पाहुण्यांना काय घाण दाखवायची? जनाची नाही, मनाची तरी ठेव!"

बाई आल्या. नारळाच्या दुधातले गोड पाव पोटभर खाल्ले, कोको घेतला आणि हसत उठल्या.

"किती छान ठेवलंय हो घर! खरं सांगू? इथे अडचण आहे असं वाटतच नाही. तुमच्याहून गरजू पुष्कळ आहेत."

फुआतिनोचा चेहरा खर्रकन उतरला. पाहुणचार चांगलाच अंगाशी आला होता. बाई दारात बूट घालू लागल्या.

"थांबा, मॅडम," फुआतिनो म्हणाली.

मागायचं कसं, तेही आपल्या घरी खाऊनपिऊन उठलेल्या पाहुणीकडे? ती भिंतीशी गेली आणि सियापो खाली उतरवला.

"माझा नातू इथे झोपतो. तुम्ही येणार म्हणून झाकलं होतं मी."

लाजेने तिला रडू कोसळलं. बाईंनी घातलेला बूट काढला आणि त्या परत आत आल्या.

नवं घर मिळायला पुढचा हिवाळा उजाडला. तिथेही तावीताच्या अंथरुणाशी तोच सियापो टांगलेला आहे. कुणीही आलं तरी फुआतिनो आधी खाऊ घालते. मग हाताला धरून भिंतीशी नेते आणि सियापोचा कोपरा उचलते.

"हात लावून बघा," म्हणते. "कोरडी आहे."