ओ देणारी

डी.एड.च्या वर्गाला मनोविश्लेषण शिकवायला लागून मला पंधरा वर्षं झाली. त्यातला एक धडा मात्र कंधारजवळच्या एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईनं मला शिकवला. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी माझ्या विद्यार्थिनीचा सराव पाठ तपासायला गेलो होतो. पाठ रंगात आला असताना तिसरीतली एक मुलगी उठली आणि तिला म्हणाली, "माय, पाणी प्यायला जाऊ?"

वर्ग खो खो हसला. "मी काय तुझी माय आहे का?" म्हणत माझी विद्यार्थिनीही हसली. मुलगी मटकन खाली बसली. मी वहीत ऐटीत लिहिलं : भावनांचं संक्रमण, आईच्या जागी शिक्षिका.

खिचडीवाली दारातच उभी होती, पदराला हात पुसत. "ओ बाई, लेकरू चुकून माय म्हणालं तर ‘काय गं’ म्हणावं. मला तर रोज एखादं म्हणतंय. मी ओ देते अन् वाढते. कोणाला लाज वाटत न्हाई."

आणि त्या मुलीचा हात धरून तिला पाण्यावर घेऊन गेली.

संज्ञा मला ठाऊक होती. ओ द्यायची असते, हे तिला.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मलाही ताट दिलं. खिचडी जास्त पडायला लागली तसा मी ताटावर हात आडवा धरला. म्हणायचं होतं ‘बस, मावशी’. तोंडातून निघालं, "बस, माय."

"काय रे," ती म्हणाली, आणि हात बाजूला सारून अजून एक डाव वाढला.