हिराजीदादाचा टर्बो

परवा एका म्युझियममध्ये जुनं डिझेल इंजिन बघितलं. पॉलिश मारलेलं, भोवती दोरी आणि वर पाटी: ‘हात लावू नये’. डोकंच फिरलं माझं! अरे, असल्याच इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आमची उमेदीची वर्षं गेली! या इंजिनांचे किस्से म्हणजे ऑइलच्या टाकीतला गाळ. कितीही काढा, तळाला उरतोच. आणि काढताना हात काळे झाले तर मला बोलू नका.

एकोणीसशे साठच्या पुढची गोष्ट. उरणजवळ मिठागरांच्या कडेनं एका कंपनीची छोटी रेल्वेलाइन होती, खाणीतला दगड धक्क्यावर न्यायला. कोळशाचं इंजिन मोडीत काढून शेठनी सेकंडहँड डिझेल आणलं, टर्बोवालं. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर गरगर फिरणारा पंखा. बाहेरची हवा ओढतो आणि इंजिनात कोंबतो. ताकद दुप्पट, नखरे चौपट! मी फिटर, आणि ड्रायव्हर हिराजीदादा. त्याचा सगळा जन्म कोळशाच्या इंजिनावर गेलेला.

*

कोळशाच्या इंजिनाला निघण्याआधी सांध्यासांध्यात तेल सोडायचं, ही दादाची रीत. डिझेल आलं तरी दादा तेलकुपी घेऊन इंजिनाभोवती फेऱ्या मारी, भोक शोधत! मी म्हटलं, “दादा, हे आतल्या आत स्वतःच तेल घेतं.”

“येवढा मोठा जनावर, नि त्याला कोनी तेल लावाचा नाय?”

शेवटी त्याला एक भोक सापडलं. भोंग्याचं! त्यानं कुपी रिकामी केली. नेमका मॅनेजर पांढरीशुभ्र पँट घालून समोर उभा. दादानं भोंगा वाजवला. मॅनेजर त्या दिवशी घरी गेला तो लुंगीवर.

तेव्हापासून त्यानं दादावर डूख धरला, तो कायमचा.

*

आता संताप येतो तो किस्सा.

टर्बोला तेल जातं ते इंजिन चालू असेतोवर. ओझं ओढून आलेलं इंजिन एकदम बंद केलं तर तेल थांबतं, पण तापलेला पंखा फिरतच राहतो. कोरडा! म्हणून आधी थोडा वेळ इंजिन नुसतं हळू चालू ठेवायचं, मग बंद करायचं. हे आम्हाला शिकवलं कोणी? याच मॅनेजरनं! फळ्यावर चित्र काढून.

आणि हाच बाबा एकदा दुपारी तरातरा आला. “उभं इंजिन कशाला चालू? डिझेल काय तुझ्या बापाचं?” आणि फाटकन बंद केलं!

टर्बो किंचाळला, बेअरिंग जळालं. शेठ आल्यावर मॅनेजर म्हणतो, “हिराजीनं तेल कमी घातलं.” मी तोंड उघडलं तर मला म्हणाला, “तू फिटर आहेस, वकील नाहीस!”

*

स्टोअरकीपर मॅनेजरचाच माणूस. एकदा नव्या ड्रमातलं ऑइल निघालं ताकासारखं पांढरट. पाणी मिसळलेलं! अर्धं ऑइल करंजा बंदरातल्या लाँचवाल्यांना विकून झालेलं, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

“समुद्राची दमट हवा,” स्टोअरकीपर म्हणाला. “ड्रमाला पाणी सुटतं.”

मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट, समुद्राचंच पाणी! “अस्सं? मग सुटलेल्या पाण्यात मीठ कोण घालतं रे, तुझी बायको?”

भर शेडमध्ये हसले सगळे. मला तेवढ्यावर आठ दिवस घरी बसवलं. स्टोअरकीपर तिथंच!

*

दादाची एक चूक मात्र खरी झाली. नाही म्हणत नाही.

आमच्याकडे वाऱ्याबरोबर मिठागराचं मीठ उडतं. हवेची जाळी धुवायला काढली की टर्बोचं तोंड उघडं पडायचं. त्यात खार जाऊ नये म्हणून दादा तिथं फडकं कोंबून ठेवी, पोराच्या कानात कापूस घालावा तसं. त्या दिवशी मॅनेजर बोंबलत आला, “धक्क्यावर बोट थांबलीय, काढ गाडी!” दादानं घाईत जाळी बसवली, इंजिन सुरू केलं, आणि फडकं आतच राहिलं. टर्बोनं ते ओढलं आणि पंख्याची पाती वाकली.

शेठनी सगळ्यांसमोर सुनावलं, “हिराजी, फडकं आपोआप आत जातं का? पुन्हा टर्बो गेला तर तू घरी!”

दादाची जमीन शेठच्याच रेल्वेलाइनखाली गेलेली. होडी नाही, मिठागर नाही. त्या वयात दुसरीकडे कोण घेणार? तो बिचारा शेडमध्ये यायचा तो आधी टर्बोला हात जोडून, मग देवाला.

*

आणि मग दसरा आला.

शेडमध्ये पूजा, शेठ सहकुटुंब हजर. इंजिन धुऊन-पुसून लख्ख. जाळी उन्हात वाळत होती, टर्बोचं तोंड उघडं. शेठनी झेंडूचा हा एवढा हार उचलला आणि नेमका त्या तोंडावर चढवला!

दादा पुढं धावला. “शेठ, तोंडावर नको! इंजिन वढून घेल त्याला!”

“सणासुदीला अभद्र बोलू नकोस,” मॅनेजर खेकसला. “मुहूर्त टळतोय!” आणि स्वतः वर चढून त्यानं इंजिन सुरू केलं. सुरू केलं ते केलं, वर फुल रेस दिली, शेठना दाखवायला!

गप्पकन हार आत गेला. खडखड खडखड, मग ती ओळखीची किंकाळी. धुराड्यातून काळा धूर, त्यात झेंडूच्या जळक्या पाकळ्या.

मॅनेजरनं इंजिन बंद केलं आणि दादाकडं बोट रोखायला हात उचलला. तेवढ्यात शेठनी डोळे मिटून हात जोडले. “देवानं हार घेतला! शुभ आहे, शुभ आहे!”

टाळ्या वाजल्या हो! स्टोअरकीपरनं तर नारळही फोडला.

दादानं टोपी काढली. शांतपणे विचारलं, “शेठ, मंग तवा माजा फडका बी देवानंच घेतला व्हता ना?”

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मॅनेजरला म्हणाले, “याला उद्यापासून कामावर घेऊ नका.”

मग ताटातलं आपट्याचं पान उचलून रीतीप्रमाणं दादाच्या हातावर ठेवलं.

“सोनं घे, हिराजी. सोन्यासारखा राहा!”